अठ्ठेचाळीस गिऱ्हाइकं

बाबा शिंपी होते. गिऱ्हाईक दारात उभं राहिलं की नाव विचारण्याआधी ते त्याच्या खांद्याकडे बघायचे, आणि मापाच्या वहीत नावाऐवजी स्वतःच ठेवलेलं टोपणनाव लिहायचे. 'डावा खांदा खाली', 'बोलका काका', 'पोट आत घेणारे मास्तर'. प्रत्येक नावापुढे मापं आणि अगदी कडेला एक अरुंद रकाना: तक्रार. कपडा नेल्यावर गिऱ्हाईक काही बोललं तर ते तिथं टिपून ठेवायचं, म्हणजे पुढच्या वेळी तीच चूक होणार नाही. बहुतेक ठिकाणी तिथं 'काही नाही' असंच लिहिलेलं असायचं. ते दोन शब्द लिहिताना बाबांचा चेहरा असा खुलायचा की जणू सरकारनं सत्कार केलाय.

हीच सवय त्यांनी नाण्यांनाही लावली. नाणी त्यांच्या वडिलांची. ते बंदराजवळ खलाशांचे कपडे शिवत, आणि एखाद्या खलाशाला पैसे कमी पडले की तो आपल्या देशाचं नाणं ठेवून जाई. अशी अठ्ठेचाळीस नाणी जमली. बाबांनी त्यांच्यासाठी मापाची वेगळी वही केली. टकलावर पानांचा मुकुट घातलेला राजा म्हणजे 'टकल्या'. लांब नाकाची राणी ती 'नाकवाली'. जहाजाचं चित्र असलेलं तांब्याचं नाणं 'खलाशी', आणि तसंच दुसरं होतं ते 'खलाशाचा भाऊ'. घेर, जाडी, वजन आणि कडेला तक्रार. वजनासाठी शेजारच्या सोनाराचा काटा दर रविवारी उसना आणला जाई, आणि सोनार दर रविवारी म्हणे, "मास्तर, एकदा विकत घ्या की हो."

आता बाबा जाऊन आठ महिने झाले होते, आणि त्यांची धाकटी लेक आपल्या स्वयंपाकघराच्या टेबलाशी डोक्याला हात लावून बसली होती. समोर नाण्यांचा अल्बम उघडा होता. पानांमधून आंबूस, नव्या चपलेसारखा वास येत होता, आणि प्लॅस्टिकच्या खिशांत नाण्यांवर इतका हिरवट चिकटा बसला होता की चित्रं ओळखू येत नव्हती.

धाकटीचं वय सेहेचाळीस. दवाखान्यात नोंदणीच्या खिडकीवर ती रोज दोनशे माणसांना एका शब्दात गप्प बसवते. पण घरात ती धाकटीच, आणि हा अल्बम तिनंच आणला होता. तिची पहिली नोकरी कागद-पेन्सिलींच्या दुकानात होती. काचेच्या कपाटात मरून रंगाचा, सोनेरी कडेचा हा अल्बम होता. महिनाभर त्याच्याकडे बघून तिनं पहिल्या पगाराचा दोन-तृतीयांश भाग त्याच्यावर उडवला. तोपर्यंत बाबांची नाणी जुन्या पाकिटांतून पडून होती. तिनंच ती बाहेर काढली, तिनंच खिशांत सारली, तिनंच प्रत्येकाखाली सुवाच्य अक्षरांत नाव नि मापं लिहिली.  बाबा नुसते अल्बमवरून हात फिरवत राहिले होते.

आणि आता हे असं झालं होतं. करायला गेले एक आणि झालं भलतंच! प्लॅस्टिकनंच हे केलंय, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती. जिथं खिसा नाण्याला टेकत होता, तिथंच हिरवं होतं.

बाबांचं दुकान आता चालवणाऱ्या दादानं अल्बम तिच्याकडे दिला त्याला पंधरवडा झाला होता. "तू कुणा जाणकाराकडे ने, किंमत काढून आण," तो म्हणाला होता. "मग बसून ठरवू, काय ठेवायचं नि काय वाटून घ्यायचं. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही." तेव्हापासून दादाचा रोज फोन, आणि हिचं रोज "उद्या जाते". आजोबांनी जमवलेलं, बाबांनी जपलेलं सगळं आपल्या कौतुकाच्या भेटीनं खाऊन टाकलं, हे थोरल्या भावाला कोणत्या तोंडानं सांगायचं?

एकदा तर तिनं टूथपेस्टची नळी हातात घेतली होती. पण झाकण उघडता उघडता बाबांचा आवाज आठवला. "गिऱ्हाइकाला घासायचं नाही. हात लावायचा तो कडेला." तिनं झाकण पुन्हा घट्ट लावलं. आयुष्यात काही गोष्टी वेळेवर आठवतात, त्यातली ही एक.

शेवटी सोळाव्या दिवशी तिनं अर्धी रजा टाकली आणि भिंगवाल्या बाईंचं घर गाठलं. या बाई संग्रहालयात नाण्यांच्या विभागात पस्तीस वर्षं काढून निवृत्त झालेल्या. घड्याळाच्या दुकानावरची एक खोली, खिडकीशी टेबल, टेबलावर मऊ कापड, इवलासा काटा, आणि बाईंच्या गळ्यात दोरीला बांधलेलं भिंग. वय सत्तरीच्या पुढे, आवाज विशीतला.

बाईंनी अल्बम उघडला, वास घेतला आणि नाक मुरडलं.

"किती वर्षं झाली याला?"

"बावीस."

"तुम्ही घासलंय काही? टूथपेस्ट, लिंबू, राख?"

"नाही."

"शाबास. माझ्याकडे येणाऱ्या दहातले आठ जण चकचकीत करून आणतात आणि मग विचारतात, किंमत कमी का. नाण्याची कातडी सोलून आणायची नि वर विचारायचं!" बाईंनी भिंग डोळ्याला लावलं. "हिरवं दोन तऱ्हेचं असतं. एक तांब्याचं स्वतःचं, ते कोरडं असतं. हे चिकट आहे. मऊ प्लॅस्टिक जुनं झालं की त्याला घाम सुटतो, तो हा. निघेल."

"निघेल?" धाकटीचा आवाज इतका चढला की खालच्या दुकानातल्या घड्याळजीनं वर पाहिलं असेल.

"वरवरचं असलं तर सगळं निघेल. आत खाल्लं असेल तर डाग राहील. बघू या."

बाईंनी खिडकी सताड उघडली. काचेच्या वाटीत ॲसिटोन ओतलं. नखांचा रंग काढायला मिळतं ते नव्हे, त्यात तेल नि सुगंध असतो, हे निव्वळ, असं त्यांनी बजावून सांगितलं. मग चिमट्यानं कडेला धरून पहिलं नाणं आत सोडलं. ते 'नाकवाली'च्या खिशातलं होतं. हिरवा पापुद्रा हळूहळू सुटायला लागला. बाईंनी ना घासलं, ना पुसलं. नुसतं वाटी हलवली, मग दुसऱ्या वाटीत घातलं, मग कापडावर ठेवलं. नाणं स्वच्छ निघालं. धाकटीचा जीव भांड्यात पडला. तिनं मोठ्यानं "हुश्श" केलं आणि पर्समधून रुमाल काढला.

बाईंचं मात्र संपलं नव्हतं. त्यांनी नाणं उलटवलं, काट्यावर ठेवलं, खालची चिठ्ठी वाचली. पुन्हा नाणं बघितलं.

"हे अक्षर कुणाचं?"

"माझं. बाबांच्या वहीतून उतरवलं होतं."

"इथं लिहिलंय चांदी, वजन नऊ पूर्णांक आठ ग्रॅम. हे भरतंय जेमतेम सात. आणि राणी कुठाय? ही तर आपली साधी जुनी चिल्लर आहे. आता बंद झालीय, पण वीस वर्षांपूर्वी भाजीवाल्यानं परत दिली असेल अशी."

बाईंनी दुसऱ्या खिशातलं काढलं. त्याला चुंबक दाखवला, तर ते टुणकन चिकटलं. "चांदीला चुंबक धरत नाही," त्या म्हणाल्या. तिसरं काढलं, चौथं काढलं. सगळी नाणी खिशात पालथी घातलेली, म्हणजे वर्षाची बाजू आत. बाईंनी भिंगातून वर्षं वाचली. एकही नाणं अल्बमपेक्षा जुनं नव्हतं. उलट तिनं अल्बम दिला त्याच्या पुढच्या वर्षी ती पाडलेली होती.

"म्हणजे?" धाकटीनं विचारलं. तिला कळलं होतं, तरी विचारलं.

"म्हणजे नाणी अल्बममध्ये घातल्यानंतर कुणीतरी ती काढून त्याच मापाची चिल्लर भरून ठेवलीय. मापं मात्र नीट जुळवलीत हं, हौशी माणूस दिसतोय."

"आणि याची किंमत?"

"दोघींचा चहा होईल. बिस्किटं तुम्हाला आणावी लागतील."

खाली रस्त्यावर आली तेव्हा धाकटीची अवस्था आगीतून निघून फुफाट्यात पडल्यासारखी झाली होती. आपल्या हातून नाणी बिघडली नाहीत, हे खरं. पण मग ती गेली कुठं? बाबा अल्बम घरच्या काचेच्या कपाटात ठेवत, त्याच्या किल्ल्या दोन. एक बाबांकडे, एक दादाकडे. आणि दादानं मागच्या वर्षी नवं मशीन घेतलं, काज करणारं. तेव्हा वहिनी म्हणाल्या होत्या, "कुठून आणले कोण जाणे एवढे पैसे." धाकटीनं तो विचार झटकला. तो कोपऱ्यावर पुन्हा येऊन चिकटला. ज्या भावानं तिला सायकल शिकवताना स्वतःचे गुडघे फोडून घेतले, त्याच्याबद्दल असलं काही मनात आणणं म्हणजे पापच. पण मन काय सांगून येतं का? दुकानापर्यंतच्या वीस मिनिटांत तिनं त्याला चार वेळा दोषी ठरवलं आणि पाच वेळा सोडून दिलं.

दुपारची वेळ होती, दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. दादा कापायच्या टेबलाशी उभा राहून एका कोटाचं अस्तर उसवत होता. गळ्यात टेप, ओठांत टाचण्या. तिच्या काखेत अल्बम बघून त्यानं टाचण्या काढून उशीत खोचल्या.

"गेलीस एकदाची! काय म्हणाल्या बाई?"

धाकटीनं अल्बम टेबलावर ठेवला. ठरवलं होतं वेगळंच, आणि तोंडातून निघालं ते सरळ निघालं.

"दादा, माझ्या अल्बमनं नाणी खराब केली असं मला वाटत होतं. म्हणून मी पंधरा दिवस टाळत होते. पण ही आपली नाणीच नाहीत. कुणीतरी बदललीत."

दादाचा चेहरा पडला. त्यानं अल्बम उलटसुलट केला, एक नाणं बोटानं दाबलं, बोट चिकटलं ते पँटला पुसलं. मग खुर्ची ओढून बसला.

"म्हणून टाळत होतीस?"

"मग काय!"

"अगं, मला वाटलं तू विकलीस."

"मी?"

"रोज आपलं उद्या, उद्या. तुझ्या घराचं रंगकाम चालू. मी काय समजायचं? दोन दिवस नीट जेवलो नाही मी. तुझ्या वहिनीलाही सांगितलं नाही."

 धाकटीला हसू फुटलं, आणि हसता हसता डोळे भरून आले. "मी वाटेत तुझ्या काजाच्या मशीनचे पैसे मोजत आले," ती म्हणाली.

"ते हप्त्यानं घेतलंय, बावळट!" दादा ओरडला, आणि मग तोही हसला. चोर सापडला नव्हता, पण दोघांच्याही छातीवरचा मोठा धोंडा उतरला होता. तो चोरापेक्षा जड होता.

"बाबांची वही कुठाय?" तिनं विचारलं. "नाण्यांची."

वही मापांच्या वह्यांच्या थप्पीत अगदी तळाला होती. बाबा गेल्यापासून तिला कुणी हात लावला नव्हता. दादाला नाण्यांपेक्षा बटणं प्रिय, त्यानं ती कधी उघडलीच नव्हती, आणि धाकटीनं चिठ्ठ्या लिहून झाल्यावर परत केली ती केलीच. तिनं पहिलं पान काढलं. टकल्या, नाकवाली, खलाशी, सगळे आपापल्या ओळीत उभे होते. आणि नाकवालीच्या ओळीत, कडेच्या अरुंद रकान्यात, निळ्या शाईत लिहिलेलं होतं: 'नाकावर हिरवं. चिकट. नवीन घराचा दोष.' खाली तारीख. अल्बम दिला त्याच्या पुढच्या उन्हाळ्यातली.

धाकटीनं वही दादाकडे सरकवली. तिच्याच्यानं पुढचं वाचवेना. दादानं बोट ठेवून वाचलं.

"'घड्याळजीकडून ॲसिटोन आणून सगळ्यांना बुडवलं. घासलं नाही. सेहेचाळीस स्वच्छ. खलाशी आणि त्याचा भाऊ यांना डाग राहिला. सर्वांना नवे कपडे. डिलिव्हरीच्या कपाटात, पावती सातशे बारा. घर रिकामं दिसू नये म्हणून मापाची चिल्लर भरली. धाकटीला कळू देऊ नये.'"

दादा वाचता वाचता उठलाच. "सातशे बारा?" त्यानं कपाळावर हात मारला. "सातशे बारा! बेवारस सातशे बारा!"

डिलिव्हरीचं कपाट म्हणजे शिवून तयार, पण गिऱ्हाईक न्यायलाच आलं नाही अशा कपड्यांचं कपाट. असे कपडे फेकायचे नाहीत, हा बाबांचा नियम. आज ना उद्या माणूस येतोच, असं त्यांचं म्हणणं. सगळ्यात खालच्या खणातून दादानं खाकी कागदातलं एक पुडकं ओढून काढलं. वर टाचलेली पावती पिवळी पडली होती. त्यावर नुसता आकडा होता, नाव नव्हतं.

"दरवर्षी कपाट झाडताना मी हे उचलतो नि या गिऱ्हाइकाच्या नावानं बोटं मोडतो," दादा म्हणाला. "हाताला जड लागायचं. म्हटलं, पडद्यांच्या खालच्या काठात शिवायची वजनं असतील, कुणीतरी पडदे करायला दिले नि विसरलं."  त्याचा आवाज खाली आला. "शेवटच्या आजारपणात वाचा गेल्यावर बाबा सारखे या खणाकडे बोट दाखवायचे. मी सांगायचो, येतील हो गिऱ्हाइकं, तुम्ही काळजी करू नका. मग चिडायचे. मला वाटायचं, दुकानाचा घोर लागलाय."

पुडक्यात पांढऱ्या सुती कापडाची गुंडाळी होती. दादानं ती टेबलावर उलगडली. हातभर लांब पट्टी, तिच्यावर चार रांगांत इवले इवले खिसे, प्रत्येकाला वरून झापड आणि झापडेवर दोऱ्यानं घातलेला आकडा. एक ते अठ्ठेचाळीस. धाकटीनं पहिली झापड उचलली. नाणं कडेनं धरून अलगद बाहेर काढलं. टकल्या तिच्याकडे बघत होता, करड्या रंगाचा, थोडा मळकट, आणि अगदी ठणठणीत.

दादानं मात्र आधी शिलाई बघितली. "हातशिलाई आहे," तो म्हणाला. "मशीनला हात लावला नाही. आणि कापड धुऊन धुऊन खळ पार काढलीय." मग तो पाठ करून उभा राहिला आणि बराच वेळ उशीतल्या टाचण्या नीट लावत बसला. टाचण्या आधीच नीट होत्या.

धाकटीला सगळ्या भेटी आठवल्या. माहेरी आली की बाबा काचेचं कपाट उघडून अल्बम काढत, पानं लांबून दाखवत. हातात म्हणून देत नसत. "डोळ्यांनी बघ," म्हणत. आणि ती बघायची. भाजीवाल्याची चिल्लर बघून ती वीस वर्षं म्हणत आली होती, "बाबा, किती जुनी आहेत हो!" आणि बाबा मान डोलवायचे. एवढा सरळ माणूस, पण काय बेमालूम फसवलं त्यानं!

दुसऱ्या दिवशी दोघं मिळून भिंगवाल्या बाईंकडे गेले. बिस्किटांचा पुडा धाकटीनं आठवणीनं घेतला. बाईंनी आधी नाण्यांकडे नव्हे, कापडाकडे पाहिलं. बोटांनी चोळलं, वास घेतला, भिंग लावलं.

"हे कुणी सांगितलं त्यांना? खळ काढलेलं, बिनरंगाचं सुती. अहो, आमच्या विभागात हे करून घ्यायला मला तीन वर्षं अर्ज करावे लागले."

"ते शिंपी होते," दादा म्हणाला. एवढंच म्हणाला, पण खुर्चीत जरा ताठ बसला.

सगळी नाणी बघायला दुपार लागली. बाई एकेक नाणं कडेनं धरून तिरप्या उजेडात फिरवत, वजन करत, आणि वहीतल्या आकड्याशी ताडून पाहत. आकडा दरवेळी जुळला. तीस नाणी साधी होती, कुठंही मिळतील अशी, चांदीची असतील त्यांना चांदीचा भाव. बारा बरी. पाच चांगली, त्यात नाकवाली. साध्यांतच गेलेल्या खलाशी आणि त्याच्या भावाच्या तांब्यावर बारीक खड्डे राहिले होते, त्यांचा भाव पार उतरला होता. शेवटी बाईंनी टकल्या उचलला, बराच वेळ पाहिला आणि एक आकडा सांगितला. दादानं घोटभर चहा चुकीच्या नळीत घातला.

"विकायचा झाला तर लिलावात द्या, दुकानात नको," बाई म्हणाल्या. "आणि न विकायचा झाला तर जसा आहे तसाच ठेवा. कोरड्या जागी, लोखंडी कपाटात. लाकडी नको, लाकूडसुद्धा वाफा सोडतं. वर्षातून एकदा बाहेर काढून बघा. बाकी काही करू नका. तुमच्या वडिलांनी त्यानंतर वीस वर्षांत काही केलं नाही, तेच सगळ्यात भारी केलं."

"खलाशी मी घेते," धाकटी म्हणाली. "तो आणि त्याचा भाऊ. माझ्यामुळे डागाळलेत."

"टकल्याचं काय?" दादानं विचारलं.

"एक वर्ष तुझ्याकडे, एक वर्ष माझ्याकडे."

"पहिलं वर्ष माझं. मी थोरला."

"बघितलंत?" धाकटी बाईंना म्हणाली, आणि बाई हसल्या.

"अल्बम मात्र आता टाकून द्या," बाईंनी सांगितलं. "पुन्हा त्यात काही ठेवू नका. काही कामाचा नाही तो."

धाकटीनं मान हलवली. ते खरंच होतं. नाणी पुन्हा खिशांत गेली, झापडा पडल्या, दादानं पट्टी सफाईनं गुंडाळली. ती वही मिटायला गेली, तेव्हा शेवटचं पान उलटलं. तिनं आजवर अठ्ठेचाळीस ओळीच पाहिल्या होत्या. मागच्या बाजूला, एकट्याच ओळीत, त्याच निळ्या शाईत आणखी एक गिऱ्हाईक होतं.

'एकोणपन्नास. नाव: धाकटीचा अल्बम. पहिल्या पगारातला. वजन: काट्यावर मावत नाही. तक्रार: काही नाही.'